काचेच्या पेटीतली हवा : ऑर्किडच्या घराची गोष्ट

आजचा भाग ज्यांना एसटीत नेट नसल्यामुळे ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त "अं", "हां" तेवढे काढलेत.

आजचा विषय ऑर्किड. लग्नाच्या स्टेजवर, बुकेमध्ये ती जांभळी-पांढरी, मेणाची वाटावीत अशी फुलं असतात ना, ती. आता तुम्ही म्हणाल, आपला पॉडकास्ट इतिहासाचा, आणि हे फुलांचं काय मध्येच? थांबा जरा. या फुलाला घरात जगवायच्या नादात माणसाने काय काय केलंय ते ऐका. काचेची घरं बांधली, जहाजं पाठवली, डोंगरच्या डोंगर ओरबाडले. आणि आज माझ्या गावात, लोणी देवकरला, हिरव्या शेडनेटखाली मी चाळीस कुंड्या सांभाळतोय, तो त्याच गोष्टीचा शेवटचा तुकडा आहे.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुणे-सोलापूर हायवेने भिगवण सोडून इंदापूरकडे निघालं की लोणी देवकर लागतं. एमआयडीसी आहे, ऊस आहे, डाळिंब आहे, आणि पलीकडे उजनीचं बॅकवॉटर. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला पडतो सहा हजारांच्या आसपास. म्हणजे सह्याद्री तिकडेच ढग पिळून घेतो, आणि आपल्याकडे नुसता वारा येतो.

बरं, उजनी एवढी शेजारी आहे, तर हवा ओली असेल असं वाटतं. तसं नाही. धरण एकशे सतरा टीएमसीचं आहे खरं, पण मे महिन्यात पाणी मागे सरकतं, पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, आणि दुपारच्या वाऱ्यात ओठ फुटतात. ऑर्किडला ओलाव्याची खरी गरज असते ती नेमकी तेव्हा.

तर आजचा प्रश्न असा : जे झाड आपल्या हवेतलं नाही, त्याला आपल्या दारात कसं जगवायचं? हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या लोकांना पडला होता. तिथूनच सुरू करू.

बांडगूळ नव्हे, भाडेकरू

त्याआधी एक गैरसमज. माझ्या पहिल्या कुंडीत माती नाही हे बघून आमची आज्जी म्हणाली, "अरे, हे तर बांडगूळ आणलंस!" झाडावर वाढतं ते सगळं बांडगूळ, असं आपण धरून चालतो. पण बांडगूळ फांदीत मूळ घुसवून झाडाचा रस पितं. ऑर्किड तसं करत नाही. ते फांदीवर फक्त राहतं. चोर नाही, भाडेकरू आहे. मुळांवर पांढरट स्पंजासारखं आवरण असतं, त्याने पावसाचं आणि धुक्याचं पाणी टिपतं. सालीच्या खाचेत साठलेला पालापाचोळा हेच त्याचं खत.

मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात. आणि गंमत बघा, ऑर्किडच्या एका मोठ्या घराण्याचं शास्त्रीय नाव आहे "वांदा". ते आलंय संस्कृतमधल्या "वन्दा" या शब्दावरून. झाडावर वाढणाऱ्या झाडाला आपल्याकडे तसं म्हणायचे. विल्यम जोन्सने अठराव्या शतकाच्या शेवटी तो शब्द उचलला, आणि 1820 मध्ये रॉबर्ट ब्राऊनने तो शास्त्राच्या दप्तरात नोंदवला. या घराण्यातली एक जात, वांदा टेसेलाटा, कोरड्या मुलखातसुद्धा आंब्या-बाभळीवर आढळते. म्हणजे ऑर्किड हा काही फक्त परदेशी पाहुणा नाही.

आपल्या लोकांना ही झाडं माहीत होती याचा एक छापील पुरावा आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर "हॉर्टस मलाबारिकस" हा बारा खंडांचा ग्रंथ केला. तो 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापला गेला. शेवटच्या खंडात ऑर्किडची चित्रं आहेत. या कामात केरळचे वैद्य इट्टी अच्युतन होते, आणि तीन कोकणी वैद्यही होते : रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. या तिघांचं 1675 चं, नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलंय. ही तीन नावं लक्षात ठेवा. कारण पुढच्या गोष्टीत झाडं आपली असतील, ओझी वाहणारे आपले असतील, पण नावं मात्र साहेबांचीच येतील.

कोळशाचा धूर आणि सुरवंटाचा कोष

आता लंडन, साल 1829. डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड. त्याला नेचे लावायची हौस. पण राहायचा लंडनच्या पूर्व भागात, जिथे कारखान्यांचा आणि चुलींचा कोळशाचा धूर. नेचे काही जगेनात.

एकदा त्याने एका काचेच्या बाटलीत ओलसर माती घालून त्यात पतंगाचा कोष ठेवला आणि झाकण लावलं. त्याला बघायचा होता पतंग. पण काही दिवसांनी मातीतून एक नेचा आणि गवताचं पातं उगवलं! बाहेर जो नेचा मरत होता, तो बंद बाटलीत मजेत वाढत होता.

का? कारण दिवसा मातीतलं पाणी वाफ होऊन वर जायचं, काचेवर थेंब होऊन बसायचं, आणि रात्री परत खाली यायचं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. धूर बाहेर, ओलावा आत. वॉर्डच्या हाती जे लागलं ती फक्त पेटी नव्हती. एका जागची हवा दुसऱ्या जागी बंद करून नेता येते, ही ती युक्ती होती.

1833 मध्ये अशा दोन पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. कित्येक महिन्यांचा प्रवास, खारा वारा, ऊन, थंडी. झाडं जिवंत पोचली. परत येताना तिकडची झाडं भरून आणली, तीही जगली. तोपर्यंत जहाजातून नेलेली बहुतेक झाडं वाटेतच मरायची.

या पेटीने जग बदललं, अतिशयोक्ती नाही. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं याच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. सकाळी टपरीवर कटिंग मारताना त्या बाटलीची आठवण काढायला हरकत नाही.

भट्टीत घातलेली फुलं

पेटी आली तशी ऑर्किडचं वेड वाढलं. 1845 मध्ये इंग्लंडमधला काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, आणि मध्यमवर्गीय माणूसही अंगणात काचेची खोली बांधायला लागला. 1851 मध्ये बी. एस. विल्यम्स नावाच्या माळ्याने वर्तमानपत्रात लेखमाला सुरू केली, सर्वसामान्यांसाठी ऑर्किड कसं लावावं याची. आजच्या यूट्यूब चॅनेलसारखंच समजा. घरगुती ग्रीनहाऊसची सुरुवात ही अशी.

पण त्याआधीची काही दशकं भयानक होती. साहेबांचा हिशोब साधा होता : झाड उष्ण देशातलं, म्हणजे त्याला भट्टी पाहिजे. मग काचघर घट्ट बंद करायचं, खाली कोळसा पेटवायचा, पाणी मारून वाफ करायची. अशा खोल्यांना नावच होतं "स्टोव्ह". हजारो झाडं त्यात शिजून मेली.

खरी गोष्ट अशी की यातली कितीतरी ऑर्किडं पाच-सहा हजार फुटांवरच्या डोंगरातली होती. तिथे दिवसा ऊब, रात्री गारठा, आणि सारखा खेळता वारा. ही गोष्ट पुस्तकवाल्यांच्या आधी हाताने काम करणाऱ्या माळ्यांनी ओळखली. जोसेफ कूपर नावाच्या माळ्याने खिडक्या उघडल्या, तापमान कमी ठेवलं, आणि त्याची झाडं फुलली. चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा माळी जोसेफ पॅक्स्टन यानेही हवा खेळती ठेवली. हाच पॅक्स्टन पुढे 1851 चा क्रिस्टल पॅलेस बांधणारा.

मला या सगळ्या इतिहासात ही उघडलेली खिडकी फार आवडते. वॉर्डने हवा कोंडायला शिकवलं, आणि कूपरने ती कधी सोडायची ते. ऑर्किडचं घर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं.

सात माणसांचं ओझं

आता या गोष्टीची काळी बाजू.

1835 मध्ये चॅट्सवर्थहून जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडलं. तो खासी डोंगरात, चेरापुंजीच्या भागात फिरला, आणि 1837 मध्ये शंभरावर जातींची ऑर्किडं घेऊन परतला. तिकडे बोभाटा झाला. मग रांगच लागली.

1850 मध्ये जोसेफ हूकर, पुढे क्यू गार्डनचा संचालक झालेला मोठा शास्त्रज्ञ, याच डोंगरात होता. तिथलं निळं ऑर्किड, वांदा सेरुलिया, त्याने गोळा केलं. किती? सात माणसांचं ओझं. आणि त्यातली अगदी थोडी झाडं इंग्लंडला जिवंत पोचली. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. दुसऱ्या कुणाचं एका माणसाचं ओझं लंडनला तीनशे पौंडांना विकलं गेलं, हेही. त्या सात माणसांची नावं मात्र कुठेच नाहीत.

दक्षिण अमेरिकेत तर याहून वाईट. अल्बर्ट मिलिकन नावाच्या ऑर्किड-शिकाऱ्याने 1891 च्या पुस्तकात सांगितलंय की दहा हजारांच्या आसपास झाडं मिळवायला सुमारे चार हजार वृक्ष तोडावे लागले. चढायला वेळ कोण घालवणार? सरळ कुऱ्हाड.

म्हणजे बघा, काचेच्या एका पेटीत हवा जपायची, आणि त्यासाठी जिथली हवा मुळात चांगली होती ते जंगलच आडवं करायचं.

दापोडीचा डॉक्टर

आणि इथे गोष्ट आपल्या पुण्यात येते. आधीच सांगतो, नावाचा घोळ करू नका. हा दुसरा गिब्सन, डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन.

पुण्याजवळ दापोडीला, इंग्रज तिला "दापुरी" म्हणायचे, 1828 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात सरकारी वनस्पती-बाग सुरू झाली. 1838 पासून ती या स्कॉटिश डॉक्टरच्या ताब्यात होती. औषधी झाडं, बाहेरून आणलेली झाडं, काय रुजतं आणि काय नाही, याचे प्रयोग तिथे चालायचे. 1847 ते 1850 दरम्यान त्याने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची सुंदर चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या बागेत जपून ठेवलीत. चित्रकाराचं नाव? कुठेही नोंदलेलं नाही.

पण मला हा गिब्सन महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. बाग सांभाळता सांभाळता तो कोकणात आणि घाटात हिंडला, आणि त्याला दिसलं की डोंगर उघडे पडतायत. झाडं गेली की झरे आटतात, हवा कोरडी होते, असं तो 1840 च्या दशकात सरकारला लिहीत होता. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. आता हे सरळ परोपकारी खातं नव्हतं. सरकारला जहाजांसाठी सागवान हवं होतं, आणि जंगल "राखायचं" म्हणजे बऱ्याचदा तिथल्याच माणसाला बाहेर ठेवायचं असा अर्थ निघाला. तरीसुद्धा एक माणूस बागेच्या कुंपणातून बाहेर बघायला शिकला, ही गोष्ट उरतेच. कुंडीतल्या झाडाची हवा डोंगरावर तयार होते, हे त्याला कळलं होतं.

1861 मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचं "बॉम्बे फ्लोरा" आलं. त्यात आपल्या घाटातली ऑर्किडं आहेत. पुढे 1966 मध्ये फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी "द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे" हे खास ऑर्किडवरचं पुस्तक केलं. सीतेची वेणी म्हणतात ते गुलाबी-पांढऱ्या फुलांचं लोंबतं ऑर्किड, उन्हाळ्यात निष्पर्ण काडीवर फुलणारं पांढरं डेंड्रोबियम बार्बाट्युलम, ही सगळी आपल्या सह्याद्रीतली मंडळी आहेत.

बाटली परत येते

मग ही लूट थांबली कशी? पूर्ण थांबली नाही, पण तिची गरज संपवली ती पुन्हा एका बाटलीने.

ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ. एका शेंगेत लाखो बिया असू शकतात, पण एकाही बीजवळ स्वतःची शिदोरी नसते. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी पीठ असतं ना, तसं काही नाही. 1899 मध्ये फ्रान्समधल्या नोएल बर्नारने शोधलं की जंगलात एक बुरशी या बीला पोसते. बुरशी नाही तर रोप नाही. म्हणूनच माळ्यांना बियांपासून रोपं करणं इतकी वर्षं जड जात होतं, आणि म्हणूनच जंगल लुटलं जात होतं.

1922 मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसनने बाटलीत साखर, क्षार आणि अगर नावाची समुद्री शेवाळाची जेली घातली, त्यावर बी टाकलं, आणि बुरशीशिवाय रोपं उगवली. म्हणजे बुरशीचं काम साखरेने केलं! 1960 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेलने कोंबाच्या टोकाच्या तुकड्यापासून एकाच झाडाची असंख्य रोपं करायची वाट दाखवली. ज्याला आपण टिश्यू कल्चर म्हणतो ते. आपल्याकडची केळीची रोपं येतात ना, तीच पद्धत.

आज बाजारात मिळणारं फॅलेनॉप्सिस किंवा डेंड्रोबियम जंगलातून आलेलं नसतं, बाटलीतून आलेलं असतं. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, सायटीस, त्यात अख्खं ऑर्किड घराणं घातलंय. पण बहुतेक जातींची निर्जंतुक बाटलीतली रोपं त्यातून वगळलीत. कायद्यालाही तो फरक कळतो.

आपल्या उन्हातलं घर

आता लोणी देवकर. इंग्लंडचं काचघर थंडीशी भांडायचं. आपलं भांडण उन्हाशी आणि कोरड्या वाऱ्याशी. इथे काचेची खोली बांधली तर मे महिन्यात ती खरोखरच भट्टी होईल. म्हणून आपलं ग्रीनहाऊस उलटं असतं : ऊब कोंडणारं नाही, सावली धरणारं.

माझं आहे ते आठ बाय दहा फुटांचं. घराच्या पूर्वेला, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी भिंतीची सावली. वर पंचाहत्तर टक्क्यांचं शेडनेट. पश्चिमेच्या बाजूला गोणपाटाचे पडदे. खाली विटांचे तुकडे पसरलेत. उन्हाळ्यात पडदे आणि विटा ओल्या ठेवायच्या, वारा त्यातून गाळून आत येतो. कुंडीत माती नाही. नारळाची सोडणं, लाकडी कोळसा आणि विटांचे खडे. मुळांना हवा मिळाली पाहिजे.

पाणी ही इथली खरी मेख. आमच्या बोअरचं पाणी मचूळ, आणि ऑर्किडच्या मुळांना क्षार अजिबात चालत नाहीत. म्हणून वाटणी केलीय : बोअरचं पाणी विटांना आणि गोणपाटाला, पावसाचं पाणी मुळांना. हिशोब करून बघा. शंभर चौरस फूट पत्र्यावर पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ साडेचार हजार लिटर. चाळीस कुंड्यांना रोज दोनशे मिलीलिटर धरलं तरी वर्षाला तीन हजारांच्या आतच लागतं. दुष्काळी तालुक्यातला पाऊससुद्धा, साठवला तर, या नाजूक झाडाला पुरतो!

आणि एक देणगी आपल्याकडे आहे. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा काढायला काही आठवडे गारवा लागतो, पंचवीस अंशांच्या खालचा. आपल्या पठारावरच्या कार्तिक-मार्गशीर्षातल्या रात्री तो फुकट देतात. ही झाडं रात्री पानांची छिद्रं उघडून हवा घेतात, दिवसा मिटून बसतात. म्हणून रात्रीचा गारवा आणि रात्रीची ओल, दोन्ही महत्त्वाचे.

शेवटचा मुद्दा

एका ऐकणाऱ्या मित्राने विचारलं होतं : "दादा, घाटात ट्रेकला गेलो की फांदीवरचं ऑर्किड काढून आणू का? फुकटच आहे की."

नको, मित्रा. एक तर राखीव जंगलातून झाड काढणं गुन्हा आहे. दुसरं, ते इथे जगण्याची शक्यता फार कमी. हूकरसारख्या माणसाची सात ओझी वाया गेली, तिथे आपल्या सॅकमधल्या एका झाडाचं काय? आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. त्या फांदीवरून फक्त एक झाड निघत नाही. पुढच्या लाखो बिया निघून जातात, आणि ज्या सालीवर ती बुरशी आहे तिथे त्या बिया पडायच्याच राहतात. नर्सरीतलं बाटलीत जन्मलेलं रोप घे. ते कुणाच्या घरातून उचललेलं नसतं.

घाटातलं ऑर्किड बघायचंच असेल तर पहिल्या पावसाच्या आधी जा, मान वर करून बघ, फोटो काढ, आणि खाली ये. पुण्यात एम्प्रेस गार्डनला जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथेही भरपूर बघायला मिळतं.

दोनशे वर्षांत माणूस एवढंच शिकलाय : फूल सांभाळता येत नाही, हवा सांभाळावी लागते. कुंडीपुरती हवा शेडनेट आणि गोणपाट सांभाळतात. तालुक्यापुरती हवा सांभाळणारं शेडनेट सह्याद्रीवर आहे, आणि त्याला भोकं पाडायला आपल्यातलेच लोक सॅक घेऊन जातात.

बास, आज एवढंच. पुढच्या भागात त्याच वॉर्डच्या पेटीतून आलेल्या चहाची गोष्ट सांगतो. तोवर कुंड्यांना सकाळीच पाणी घाला, दुपारी नको. भेटूया!